एकच मासा सांगितला होता

‘कातडीकडे बघायचं, माणसाकडे नाही’ — हा आमच्या मामाचा नियम, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय, आणि हलू नका, बरगडीवर आहे मी. कोपर वर घ्या. हं. तर नियम. पहिल्यांदा गोंदायचं मशीन माझ्या हातात दिलं तेव्हाच मामानं तो सांगितला आणि वर म्हणाला, ‘का म्हणून विचारायचं नाही.’ आता विचारायचं नाही म्हटल्यावर मी विचारलंच. तर म्हणे, ‘तुला कॉलेजात घातलं तिथंच चुकलं.’ संपलं! आमचा प्रत्येक वाद तिथेच येऊन बसतो. — दुखतंय? नाही ना. तुम्हाला कधी दुखतच नाही. बरगडीवर सुई आली की बाकीचे टेबल उपटून काढतात, तुम्ही मात्र हसता. नका हो हसू, रेघ थरथरते माझी.

आणि त्या नियमाला शेपटं किती! गिऱ्हाईकाला अहो-जाहो करायचं. चहा विचारायचा नाही. काम झालं की मलम कसं लावायचं ते सांगायचं आणि दार दाखवायचं. ज्याच्या अंगावर आपली सुई चालली त्याच्याशी सूत जुळवायचं नाही — म्हणजे नाहीच. आणि हे कोण सांगतंय? कानाच्या पाळ्यांत बांगड्या जातील एवढी भोकं, जिभेत मोती, टकलावर ऑक्टोपस — आणि बोलायला लागला की थेट मुख्याध्यापक! मामी पडद्यापलीकडे लोकांच्या भुवया टोचते आणि मान डोलावते. ‘मामा सांगतो ते ऐकावं गं.’ का ऐकावं? तो म्हातारा झाला म्हणून? ऑक्टोपसही म्हातारा झालाय, सुरकुत्या पडल्यात त्याला, त्याचं ऐकते का मी?

नाही, तिकडे काही ऐकू जात नाही. मशीनची घरघर असते ना, पडद्यापलीकडे एक शब्द कळत नाही. म्हणून तर बोलतेय. इतर वेळी मी फार मोजकं बोलते. — परत हसलात!

आज जरा बिनसलंय माझं, खरं सांगायचं तर. सकाळी दुकान उघडलं आणि मामा म्हणाला, ‘त्या लिफ्टवाल्याचं आज शेवटचं.’ लिफ्टवाला म्हणजे तुम्ही. ‘काही उरलंच तर पुढच्या वेळी मी बसतो त्याच्या कामाला. एक मासा सांगितला होता ना त्यानं? मग पाठीवर हा मासळीबाजार कुठून आला?’ मी म्हटलं, गिऱ्हाईकाला आवडले. बरोबर आहे ना? मी दर वेळी विचारलंय तुम्हाला. खांद्यावरचा पहिला झाला, मी म्हटलं, एकटा वाटतो का बिचारा? तुम्ही म्हणालात, हो, थोडा. मग दुसरा आला. मग ते दोघं एकाच दिशेला चाललेत, कुणाच्या मागे चाललेत ते कळायला नको का? म्हणून तिसरा. मग लाट. लाट आली म्हटल्यावर शेवाळ आलं — शेवाळाचं तुम्हाला नाही कळायचं, ते माझं शास्त्र आहे, पदवी आहे माझी वनस्पतींतली — आणि शेवाळात मासे लपतातच. तर असे झाले सात. उगाच नाही झाले.

म्हणजे... उगाच नाही असंच काही नाही. तसं म्हटलं तर पहिलाच सुरेख झाला होता. तिथेच वरून प्लास्टिकची फिल्म चिकटवून निरोप द्यायला हवा होता. पण तुझ्या खांद्यावर जो तीळ आहे ना, तो मी माशाचा डोळा केला, आणि तू आरशात बघून म्हणालास, ‘अरे, हा मला ओळखतो’ — आता असं बोलल्यावर माणसानं काय करायचं? कातडीकडे बघायचं? कातडी बोलते का असं? लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दिवसभर ग्रीस पुसणारा माणूस, येताना नखं घासून-घासून लाल करून येतो. इतरांच्या कातडीवर काटा येतो सुई लागल्यावर. तुझ्या येतो मी ग्लोव्हज घालतानाच. दिसतं मला सगळं, इथे वाकूनच बसलेली असते मी. पुढच्या वेळी मामा बसला की तू येशील, काम होईल, जाशील. मला कळणारही नाही कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावर लटकतोयस ते. — अरे-तुरे केलं का मी? मघापासून? तरी तुम्ही काही बोलला नाहीत...

थांबा. एवढी शांतता कशी? मशीन — पाय! पेडलवर पायच नाहीये माझा! कधी उचलला? तीळ म्हणाले तेव्हापासून?

काय मामा? — ऐकलंस? सगळं? बरं झालं, पुन्हा सांगायला नको. — नाही, मी बाहेर येणार नाही. — नाही, तू पण आत यायचं नाहीस. हे काम तुला देणार नाही मी, आणि पुरंही करणार नाही. सातव्या माशाचा डोळा राहिलाय, राहू दे. डोळा काढला की काम संपलं, मलम सांगा, दार दाखवा. नाही काढणार! — मामी, तू मध्ये पडू नकोस, पाय माझ्याकडे आहे तुझा. म्हणजे पायावरचं काम. परवाच दिलास ना तो वेल परत गडद करायला? काय मागितलं होतंस गं मामाकडे, तेव्हा तू साधं गिऱ्हाईक होतीस ना? घोट्यावर एक फूल! ते फूल आहे खाली, त्याच्या पाकळ्या अशा थरथरल्यात की काढणाऱ्याला ताप होता की काय असं वाटावं. आणि तिथून जो वेल सुटलाय तो थेट गुडघ्यापर्यंत! खाली द्राक्षाची पानं, मध्ये काकडीची, वर चक्क नेचे! मामा, असं झाड पृथ्वीवर उगवत नाही. पानं संपली होती तुझी, पण तिला सोडवत नव्हतं तुला! तेव्हा कुठे बघत होतास रे? कातडीकडे?

मामा?

मामी?

...भुवई टोचून घेणारा पण गप्प झाला वाटतं.

ऊठ. नाही, तसा नाही, आधी फिल्म लावू दे. शर्ट नंतर. हं. मशीन बंद आहे, पलीकडे कुणी बोलत नाहीये — तू बोल की आता.