चौकात विचारलेलं

गॅरेजच्या बाकावर आपल्या गाडीची वाट पाहत बसलेल्या शिक्षिकेला शेजारच्या बहीणभावाचं बोलणं ऐकू येत होतं.

“दादा, गेल्या वर्षीही असाच मला सासरी सोडायला निघाला होतास. तेव्हा चौकात मी तुला एक विचारलं होतं.”

“काय गं?”

“‘मला परत जायचं नाही, तुझ्याकडे राहू का?’ तू गप्प. मग मी मुकाट गेले.”

“अगं बाई! शेजारून ट्रक घुसत होता, मागचा हॉर्नवरून हात काढत नव्हता, त्यात वळायचं कुठे तेच सुचेना. एक अक्षर कानात शिरलं नाही माझ्या.”

“मला वाटलं, वहिनीला विचारल्याशिवाय कसं सांगणार, म्हणून बोलत नाहीयेस.”

“वेडी! पुढे सरळ रस्ता लागल्यावर पुन्हा नाही का विचारायचं?”

“किती दिवस जुळवत होते रे ते वाक्य. एकदाच निघालं तोंडातून.”

“मग आता विचार. गाडी उभीच आहे.”

“आता तू माझ्याकडे बघतोयस.”

भाऊ सरळ होऊन समोरच्या भिंतीकडे बघत बसला. “विचार,” तो म्हणाला.

शिक्षिकेनेही मान दुसरीकडे वळवली.