जयंतीची मॅच

नीलम : ...आधी पाय वर घ्या. केवढा सुजलाय गुडघा! रेल्वेने फुटबॉलसाठी घेतलं होतं ना तुम्हाला? मग पार्सलं का उचलायला लावतात?

धम्मरत्न : खेळत होतो तोवर हजेरी ग्राउंडवर लागायची. टीममधून नाव गेलं, आता हजेरी पार्सल ऑफिसात. कायदाच आहे तो. इतकी वर्षं बॉलमागे पळालो, खाली खलाशाची, म्हणजे ओझी उचलायची नोकरी आहे हेच विसरलो होतो. आज साड्यांच्या पार्सलांनी आठवण करून दिली.

नीलम : मामंजींना सांगितलं?

धम्मरत्न : जयंती होऊ दे. मग सांगतो.

नीलम : चौदा एप्रिलची जयंती परवावर आली. ते अख्ख्या लिंबायत वस्तीला सांगत सुटलेत, माझा धम्मा खेळणार म्हणून.

भाऊराव : (बाहेरून येत) आलास का धम्मा? मंडळाच्या पोरांले शब्द देऊन आलो बरं! नेहमीसारखंच. पहिल्या हाफले आपल्या लिंबायतकडून, दुसऱ्या हाफले शेजारच्या डिंडोलीकडून. कोणाची कुरकूर नाही.

धम्मरत्न : बाबा, यंदा नाही जमणार.

भाऊराव : नाही जमणार? अरे, मागच्या साली अमेरिकेतला वर्ल्डकप टीव्हीवर पाहिला ना आपण? कसे गुडघ्याले पट्टे बांधून पळत व्हते ते!

धम्मरत्न : त्यांच्यामागे डॉक्टरांची फौज असते, बाबा. मी संपलो. रेल्वेनेही काढलं टीममधून. आजपासून पार्सलं उचलतोय.

भाऊराव : त्या कलकत्तेवाल्याचं वाटोळं होवो! मॅचमध्ये लाथ घालून माह्या पोराचा पाय खाल्ला त्यानं. रोज शिव्या घालतो मी त्याले.

नीलम : त्याला नका शिव्या देऊ, मामंजी.

धम्मरत्न : नीलम, चहा टाक.

नीलम : टाकते, पण बोलून टाकते. कलकत्त्यात नुसता मुरगळला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन महिने बॉलला पाय लावायचा नाही. हे मागच्या जयंतीला घरी आले, तुम्ही माईकवरून नाव पुकारलं आणि हे उतरले.

भाऊराव : मग सांगायचं नाही का रे मले?

धम्मरत्न : कधी सांगू? तुम्ही माईक धरून उभे. जन्मभर रुळावर खाली मान घालून राबलात, त्या दिवशी मान वर होती. 'माहा पोरगा' म्हणून सगळ्यांना सांगत होता. माझ्याने नाही म्हणवलं नाही. हाफटाइमच्या आधीच गुडघ्यात काहीतरी तुटलं. कळलं मला.

भाऊराव : तरी दुसऱ्या हाफले उतरलास?

धम्मरत्न : नाही उतरलो असतो, तर डिंडोलीची पोरं काय म्हणाली असती? स्वतःच्या वस्तीकडून खेळला, आमच्या वेळी बसला.

भाऊराव : (उठून चपला घालतो)

धम्मरत्न : जाऊ द्या बाबा. कंटाळलो मी. बोलून काय पाय परत येतोय?

भाऊराव : पोरांले मी सांगून येतो. तू नको येऊ.

नीलम : बसा हो मामंजी, चहा घेऊन जा.

भाऊराव : मी पाहिलं व्हतं रे. दुसऱ्या हाफले तू लंगडत व्हता. बॉल समोरून चालला तरी पळत नव्हता.

धम्मरत्न : मग?

भाऊराव : मग काय... बाजूच्याले कोपर मारून म्हटलं, पाहा, आपल्या पोरांले जिंकू देतोय. लई मोठ्या मनाचा आहे माहा पोरगा.