बोट आली?

माझ्या मावशीच्या फोनचं सांगितलं का तुम्हाला? अर्नाळ्याच्या मावशीचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला, तेव्हा लिहिलेलं बोलून दाखवणारं आमच्या कंपनीचं अ‍ॅप मीच तिला दिलं.

एकदा तिच्या मुलाच्या मासेमारीच्या बोटीला उशीर झाला. मावशीने लिहिलं, "बोट आली?" फोन सपाट आवाजात म्हणाला, "बोट आली." काका अनवाणीच किनाऱ्यावर धावले आणि रिकामा समुद्र बघून परतले.

मुलगा संध्याकाळी सुखरूप आला, पण मावशीने फोन माझ्यापुढे आपटला. मीही हट्टाला पेटले. आठ दिवस अ‍ॅपमध्ये प्रश्नाच्या शेवटी आवाज वर चढवत राहिले. ती ऐकून नकारार्थी मान हलवायची.

नवव्या दिवशी फोनने विचारलं, "चहा घेतला?"

आतून काका म्हणाले, "नाय गो, दे."

मावशीचे डोळे भरले. तिने लगेच लिहिलं, "आता याला ओरडायला शिकव."