मचाणावरची शाळा

अरे, माझी शाळा भरली ती ज्वारीच्या वावरातल्या मचाणावर! नागपूरचं कॉलेज संपवून देऊळघाटला आलो, तेव्हा आमच्या सालदाराच्या बायकोला, सकूमावशीला, वाचायला शिकवायचं कबूल केलं होतं. तिला मुलाची पत्रं स्वतः वाचायची होती. मी मात्र पाखरं राखायला बसून, वाऱ्यावर डुलणाऱ्या कणसांत पन्नास विद्यार्थिनी पाहत शाळेचे आराखडे रचायचो.

एकदा मावशी रिकामं कणीस घेऊन आली. "काऊन रे बाबू, पाखरं दिसत नाहीत तुले?"

"शाळेचा विचार करून राह्यलो, मावशी."

"विचार गोड लागते, म्हणून उठत नाहीस. माही पाटी कोरीच हाय!"

खरंच होतं. स्वप्नात शाळा रोज भरत होती, मग हात कशाला हलवायचा? मी गोफण तिच्या हाती दिली आणि पाटी घेऊन तिच्यासाठी पहिलं अक्षर काढलं.

आराखडा अजून अपुराच आहे. परवा मावशीनं मुलाचं पत्र मलाच वाचून दाखवलं.