अख्ख्या घराचं संरक्षण

...आणि वर मलाच विचारतात, 'तू का नाही काढलास प्लग?' अहो, मी का काढीन? मेन बोर्डात ती डबी बसवून घेतली कुणी? मी! ढग वाजले तरी यापुढे प्लग काढायचे नाहीत, असा घरात नियम केला कुणी? मीच! आणि तो नियम पाळला कुणी? तुम्हाला सांगते, अख्ख्या घरात एकटीनं... मीच!

मुळात मी घाबरट. दार आपटलं तरी दचकते, फोन वाजला तरी दचकते आणि बराच वेळ वाजला नाही तर जास्तच दचकते. त्यात पलीकडच्या गल्लीत एकदा वीज पडली आणि एका घरातलं टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं जळून गेलं. झालं! तेव्हापासून आभाळ नुसतं गुरगुरलं की मी घरभर प्लग उपटत सुटायची. दादा ओरडायचा, 'आली बघा वेधशाळा!' आई म्हणायची, 'अगं, फ्रिजमधलं दूध नासेल ना!' बाबा पेपरामागून नुसतं 'हं' म्हणायचे. पण त्या 'हं'मध्ये पोरीला शिकवून चूक झाली, हे सगळं यायचं हो.

बरं, हा घाबरटपणा उगाच होता का? कॉम्प्युटरमध्ये माझा प्रबंध. अख्खा! नुसती छपाई राहिलेली. म्हणून मी वायरमनकाकांना बोलावलं. काकांनी खिशातून अशी एवढीशी डबी काढली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, 'ताई, ही एकदा बोर्डात बसली ना, की वरून कितीही मोठा झटका येऊ दे, ही तो जमिनीत घालवणार. अख्ख्या घराचं संरक्षण! अख्ख्या म्हणजे अख्ख्या!'

बाबांनी विचारलं, 'लाइट गेल्यावर पंखा चालेल का यावर?' काका म्हणाले, 'नाही.' 'मग काय उपयोग?' म्हणून बाबा पुन्हा पेपरात. आईला वेगळीच काळजी. जमिनीत झटका घालवायचा तर अर्थिंग धड हवं, आणि आमचं अर्थिंग निघालं नुसतं नावाला. नवा खड्डा करायला हवा, तोही नेमका आईच्या मिरचीच्या रोपांशेजारी. 'म्हणजे ती वीज माझ्या मिरच्यांत सोडणार तुम्ही?' आईनं असं विचारलं की काकांनी दोन पावलं मागे सरकून खड्डा घेतला. पण बसली एकदाची डबी. तिच्या इवल्याशा खिडकीत हिरवा रंग. हिरवा म्हणजे डबी ठणठणीत. मी येता-जाता बघायची आणि मनात म्हणायची, अख्ख्या घराचं संरक्षण!

आणि मग ते संध्याकाळचं आभाळ आलं. काळंकुट्ट! खिडक्यांच्या काचा थरथरतायत, माझे हात आपोआप प्लगकडे चाललेत... पण नाही! मी हातांवर बसले. अक्षरशः हातांवर बसले हो, खुर्चीत! सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, 'कुणी प्लग काढू नका! डबी आहे!' स्वयंपाकघरातून आई म्हणाली, 'नाही गं बाई.' वरून दादा म्हणाला, 'छे छे!' बाबा म्हणाले, 'हं.' इतकं बरं वाटलं मला! जन्मात पहिल्यांदा घरानं माझ्यावर विश्वास ठेवला!

आणि कडाड्! असा आवाज की मी कुठल्या कुठे... टेबलाखाली! वर बघते तर कॉम्प्युटरचा पडदा काळा आणि वास, तो जळका वास! धावत बोर्डाशी गेले. डबीची खिडकी हिरवी! हिरवीगार! मग टीव्हीकडे धावले, तर टीव्हीचा प्लग बाहेर. फ्रिजचा बाहेर. दादाच्या स्पीकरचा तर गुंडाळून वर रबर लावलेलं! म्हटलं, हे काय? आई म्हणाली, 'अगं, दूध एक वेळ नासलं तरी चालेल, फ्रिज नको जायला.' दादा म्हणतो कसा, 'तुझा विश्वास होता ना डबीवर? म्हणून तुझा नाही काढला. तुझ्या विश्वासाचा मान ठेवला!' आणि बाबा... बाबांनी हातातला टीव्हीचा प्लग हळूच पाठीमागे लपवला. माझे जन्मदाते!

दुसऱ्या दिवशी काका आले. म्हटलं, 'काका, अख्ख्या घराचं संरक्षण ना?' त्यांनी कॉम्प्युटरची मागची बाजू बघितली, बोटानं एक काळी पडलेली वायर उचलली आणि म्हणाले, 'ताई, हे माझ्या बाजूनं आलंच नाही. हे या नेटच्या वायरीतून आलं. ती तर खांबावरून थेट खिडकीतून आत येते, तिला माझा बोर्ड लागतच नाही. ती नेटवाल्याची.' म्हणजे मोठ्या दाराला पहारेकरी आणि चोर खिडकीतून! 'अहो, मग आधी का नाही सांगितलं?' तर म्हणे, 'तुम्ही विचारलं कुठे?'

आता तुम्ही म्हणाल, बाई, प्रबंधाची दुसरी प्रत नव्हती? होती ना! घाबरट माणूस प्रत ठेवणार नाही? वेगळ्या पेटीत, म्हणजे बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कमध्ये ठेवली होती. आणि ती पेटी हाताशी असावी म्हणून... त्याच कॉम्प्युटरला जोडून. तीही गेली. सुटीसुटी पानं तेवढी माझ्या मार्गदर्शकबाईंच्या मेलमध्ये सापडली, तीही 'हे काढून टाका' असे शेरे मारलेली.

आणि बाबा आता गल्लीभर सांगत सुटलेत, 'आम्ही ते संरक्षण बसवलंय! एवढी वीज कडाडली, पण टीव्ही बघा, फ्रिज बघा, काही म्हणजे काही झालं नाही! पोरीची आयडिया, शिकलेली आहे!' आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझं कौतुक करतायत आणि मला ते खोडूनही काढता येत नाही! त्यांचं ऐकून शेजारच्या काकू काल मला विचारायला आल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, 'बसवून घेऊ का गं आम्हीही? तुला आता विजेची भीती नाही ना वाटत?'

म्हटलं, 'नाही हो काकू, मुळीच नाही. आता जळायला काही शिल्लकच नाहीये ना माझ्याकडे.'