शिरपाच्या बायकोचा फोटो

माझी फोटोग्राफीची घमेंड कुणी उतरवली, सांगू? कुंडलच्या शिरपाच्या आईनं.

लढाईचे दिवस. माझा दोस्त शिरपा पलटणीत. तिथून त्याचं मला गुपचूप पत्र आलं, ‘बायकोचा एकटीचा फोटो काढून धाड. आयला कळू देऊ नगंस.’

आता सासूला सोडून सून एकटी फोटोला बसेल त्या काळी? मी अंगणात कॅमेरा मांडला, तर शिरपाची आई, आमच्या काकी, सुनेच्या मागं स्टूल टाकून हजर! मग मी डोकं लढवलं. भिंगाचं तोंड पार उघडलं, की जिच्यावर नेम धरावा तेवढीच लख्ख येते आणि मागचं सगळं धुरकट होतं. काकींना म्हटलं, ‘अजून जरा मागं सरका. आता हलू नका.’

फोटो झकास आला. सुनेच्या नथीतला मोती न मोती वेगळा दिसत होता, आणि काकी म्हणजे नुसता चुलीचा धूर!

काकींनी फोटो डोळ्यांजवळ धरला. ‘मी अशी पुसट का रं?’

‘तुमी हाललात, काकी,’ मी ठोकून दिलं. हललं की फोटो बिघडतो, एवढं तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

काकींनी माझ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. सून पदरात तोंड लपवून हसत होती.

‘ह्योच धाड त्याला,’ काकी म्हणाल्या. ‘पर खाली लिव, आय हालली न्हवती.’