माकुळाचा चोरखिसा

...आणि वर मलाच म्हणते, ‘बाबा, तुम्ही कात्री खाली ठेवा!’ मला! तुम्हाला सांगतो, उभी हयात कपडे शिवण्यात गेली, आणि पोटची पोरगी मला कात्री खाली ठेवायला सांगते, कशासाठी, तर एका माकुळासाठी! कारण पिशवीला धक्का लागता कामा नये!

आता झालं असं, की प्राणिशास्त्राच्या मागच्या प्रॅक्टिकलला माकूळ, म्हणजे समुद्रातला तो शाई फेकणारा प्राणी, फाडताना हिने शाईची पिशवी फोडली, ट्रे काळा, मार्क शून्य, आणि तेव्हापासून पोरीच्या तोंडावर हसू नाही. आणि परत परीक्षा आता उद्यावर आलेली. म्हणून सराव माझ्या कापायच्या टेबलावर, का, तर तिथे उजेड चांगला! मी आपला सहज म्हटलं, ‘पाठीच्या मधोमध काप, कोटाची शिवण तिथेच असते.’ तर डोळे वटारून म्हणते, ‘बाबा, पोटाकडून. पाणी बाहेर फेकायचं नरसाळं आहे ना, त्या बाजूने.’ बरं बाई!

उघडलं. आत ही एवढीशी पिशवी, चंदेरी, अस्तराच्या साटिनसारखी, आतड्याला चिकटून बसलेली. म्हणते, ‘आत तळाशी ग्रंथी असते, ती शाई तयार करते. वर ही बारीक नळी, तोंडाला स्नायू, हवं तेव्हा आवळायचे, हवं तेव्हा सैल सोडायचे.’ म्हटलं, ‘अगं, हा तर चोरखिसा, वर नाडीसकट!’ तेवढ्यात आमची ही आली. ‘आणि नळी उघडते कुठे?’ ‘गुदद्वाराजवळ, आई. मग नरसाळ्यातून बाहेर.’ ‘शी! अहो, ज्या टेबलावर लोकांच्या पँटी कापता, त्याच्यावर हे?’ ...जशा काही लोकांच्या पँटी फार सोवळ्या!

पोरगी मात्र रंगात आली होती. हात स्थिर, श्वास रोखलेला, पिशवी अख्खी. बघून ऊर भरून आला हो! आणि तेवढ्यात मला काय दिसावं? पिशवीच्या टोकाला... धागा. लोंबतोय. आता तुम्हीच सांगा, शिंप्यासमोर धागा लोंबला तर शिंपी काय करतो? विचार करतो? हात आपोआप जातो हो! कच्च!

तो धागा नव्हता. ती नळी होती.

टेबल काळं, माझा हात काळा, आणि उद्यासाठी मीच शिवलेला तिचा पांढराशुभ्र एप्रन... जाऊ द्या. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता रडणार. तर पोरगी खो खो हसत सुटली! किती दिवसांनी! आईलाही हसू आवरेना, आणि मी मधोमध, काळ्या हातांनी, ओशाळून उभा.

दुसऱ्या दिवशी तोच डागाळलेला एप्रन घालून गेली आणि पिशवी अख्खी काढून आली. पास! पण घरी येऊन सांगते काय, परीक्षकांनी विचारलं, ‘शाई बाहेर कुठून पडते?’ आणि ही म्हणाली, ‘सर, एरवी नरसाळ्यातून. बाबा घरी असतील तर कुठूनही.’

सगळा हॉल हसला म्हणे. हसा, तुम्हीही हसा! आता दोघी मायलेकी मला माझ्याच दुकानात धागा तोडू देत नाहीत. गिऱ्हाईकाच्या बाहीला लोंबत असला तरी आधी विचारावं लागतं, ‘काय हो, हा तुमचाच ना?’